हाडं, कातडी आणि लेझीम

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीत शेवटचा निबंध मी दहावीला लिहिला होता, तोही पावसाळ्यावर. त्यामुळे मराठी विभागासाठी टेक्निकल लेख दे म्हणून मॅडम मागे लागल्या तेव्हा मी दोन आठवडे त्यांना चुकवत फिरले. शेवटी मेसच्या दारात सापडले! 'न' आणि 'ण' माझ्या रूममेटने तपासलेत. राहिलेल्या चुका माझ्या.

तर विषय असा. थर्ड इयरच्या मिनी प्रोजेक्टला आमच्या तिघांच्या ग्रुपने ठरवलं की गॅदरिंगच्या प्रदर्शनात स्क्रीनवर बारा थ्रीडी माणसं लेझीम खेळताना दाखवायची. आयडिया रूममेटची. ती साताऱ्याकडची, शाळेत पाचवीपासून लेझीमच्या पथकात होती. मला वाटलं, एखादं तयार गेम इंजिन घेऊ, चार बटणं दाबू, झालं. पण गाइड सरांनी एकच प्रश्न विचारला, "इंजिनने सगळं केलं, मग तुम्ही काय केलं?" प्रश्न बरोबर होता, म्हणूनच राग आला. सर म्हणाले, एखादी छोटी ओपन सोर्स लायब्ररी घ्या, जिचा कोड पूर्ण वाचून होईल, आणि आत काय चालतं ते ओरलला सांगा. प्रदर्शनाला तेव्हा सहा आठवडे उरले होते.

शोधता शोधता कॅलथ्रीडी सापडली.

ही लायब्ररी सी प्लस प्लसमध्ये लिहिलेली आहे आणि एकच काम करते : थ्रीडी पात्रांना हाडांच्या सांगाड्यावरून हलवणं. तिचा मूळ लेखक ब्रुनो हायडेलबर्गर. कोडच्या प्रत्येक फाइलच्या डोक्यावर त्याचं नाव, मधे 'बीओसिल' हे टोपणनाव आणि 2001, 2002 ही वर्षं आहेत. वर्ल्डफोर्ज नावाचा एक प्रकल्प 1998 पासून चालू होता. सगळ्यांना खुला असा ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम बनवायचा हे त्यांचं स्वप्न. त्या गेमच्या थ्रीडी क्लायंटसाठी कॅलथ्रीडी लिहायला घेतली आणि पुढे ती स्वतंत्र लायब्ररी झाली. आयएमव्हीयू नावाच्या ऑनलाइन गप्पांच्या दुनियेतले अवतार याच लायब्ररीवर उभे राहिले. लायसन्स एलजीपीएल. म्हणजे तुमच्या बंद प्रोग्रॅमलाही ती जोडता येते, पण लायब्ररीतच बदल करून ती पुढे वाटलीत तर ते बदल खुले ठेवायचे.

आता ती जुनी झाली आहे, हेही सांगायला हवं. ती नंतर जिथे ठेवलेली होती ती ग्ना नावाची साइट 2017 मध्ये बंद पडली. कोडच्या प्रती इंटरनेटवर मिळतात, त्यातलीच एक आम्ही उतरवली. पहिल्याच दिवशी कंपायलरने शंभरेक एरर तोंडावर फेकले! नीट पाहिलं तर बहुतेक एकाच जातीचे होते. जुने कंपायलर काही हेडर फाइली न सांगता आत घ्यायचे, नवे घेत नाहीत. हेडरच्या ओळी टाकत गेलो आणि रात्री दीडला लायब्ररी बिल्ड झाली. नवी काही वापरायची असेल तर ओझ-ॲनिमेशन आहे, एमआयटी लायसन्सवाली, वेगवानही. पण शिकायला मला जुनीच आवडली. नावं सरळ आहेत आणि कोड वाचताना हरवायला होत नाही.

हाडं कशाला हवीत?

पडद्यावरचं पात्र म्हणजे त्रिकोणांची जाळी, तिला मेश म्हणतात. त्रिकोणांच्या टोकाचे बिंदू म्हणजे व्हर्टेक्स. पात्र हलवायचं म्हणजे हे बिंदू हलवायचे. सगळ्यात सोपा उपाय कोणता? प्रत्येक फ्रेमला प्रत्येक बिंदू कुठे आहे ते साठवून ठेवायचं. 1996 च्या क्वेक गेममधले राक्षस असेच हलायचे. पण हिशोब करून बघा. आमच्या पात्राचे बिंदू 3000. प्रत्येकाचे तीन आकडे, एका आकड्याला 4 बाइट. एका फ्रेमला 36,000 बाइट. सेकंदाला 30 फ्रेम धरल्या तर एका सेकंदाला 10,80,000 बाइट, म्हणजे साधारण एक एमबी. आणि हे फक्त लेझीमच्या एका हालचालीचं.

आता हाडांचा हिशोब. आमच्या सांगाड्यात 40 हाडं. प्रत्येक हाडाचं फिरणं सांगायला चार आकडे (चार का, ते पुढे येतंय) आणि जागा सांगायला तीन, असे सात, म्हणजे 28 बाइट. 40 हाडांचे 1120 बाइट. 36,000 कुठे आणि 1120 कुठे! बत्तीसपट फरक. शिवाय हाडांची हालचाल सेकंदाला दहाच वेळा नोंदवली तरी चालते, मधलं गणिताने भरून काढता येतं. 1998 च्या हाफ-लाइफने सांगाड्याची पद्धत वापरली आणि पुढे सगळेच त्या वाटेने गेले.

पण बचतीपेक्षा मोठा फायदा वेगळा आहे. बिंदूंच्या पद्धतीत "हात वर कर" असं सांगताच येत नाही, कारण हात म्हणजे काय हे कॉम्प्युटरला माहीतच नसतं. हाडं आली की हात हात होतो.

कॅलथ्रीडीत या सामानाच्या चार प्रकारच्या फाइली असतात : सांगाड्याची सीएसएफ, मेशची सीएमएफ, रंगरूपाची सीआरएफ आणि हालचालीची सीएएफ. हे सगळं एकदाच मेमरीत येतं, त्याला कोअर मॉडेल म्हणतात. मग त्या कोअरवरून हवी तेवढी मॉडेल्स उभी करायची. मी आधी चक्क बारा वेळा फाइली लोड करत होते. रूममेट म्हणाली, "अगं, नोटीस बोर्डावर टाइमटेबल एकच असतं ना? कोण कुठल्या तासाला कुठे बसलंय, तेवढं ज्याचं त्याचं." अगदी तेच. कोअर म्हणजे टाइमटेबल, मॉडेल म्हणजे विद्यार्थी. लायब्ररीच्या लेखकालाही यापेक्षा सोपं सांगता आलं नसतं.

हात उडून गेला

पहिल्यांदा पात्र पडद्यावर आलं तेव्हा हात बाजूला पसरून उभं होतं. ही बाइंड पोज. मेश आणि हाडं एकमेकांना बांधताना पात्र ज्या स्थितीत असतं ती. तोपर्यंत ठीक होतं. फाइली लायब्ररीच्या हवाली करण्याआधी मी आतलं गणित स्वतः लिहून बघत होते. कोपर वाकवलं, आणि हात शरीर सोडून भिंतीपलीकडे निघून गेला. लॅबचे काका मागे उभे होते. ते म्हणाले, "पोरी, डॉक्टरला दाखव."

चूक काय होती ते आकड्यात सांगते, कारण ही चूक प्रत्येक जण एकदा तरी करतोच. खांदा (0, 0) वर आहे. कोपर (30, 0) वर. मनगटाजवळचा एक बिंदू (55, 0) वर. कोपर 90 अंशात वाकवलं तर तो बिंदू कुठे जायला हवा? कोपरापासून तो 25 लांब आहे, म्हणून कोपराच्या बरोबर वर 25, म्हणजे (30, 25). मी काय केलं? (55, 0) हाच बिंदू 90 अंश फिरवला, तो झाला (0, 55), त्यात कोपराची जागा मिळवली आणि आलं (30, 55). 25 चा हात 55 चा झाला!

फिरवण्याआधी त्या बिंदूला कोपराच्या नजरेतून बघायला हवं. 55 मधून 30 वजा, 25 राहिले. मग फिरवा, मग परत कोपराच्या जागी नेऊन ठेवा. ही जी वजाबाकी आहे तिलाच पुस्तकात 'इन्व्हर्स बाइंड मॅट्रिक्स' असं भीतीदायक नाव आहे. कॅलथ्रीडीत प्रत्येक हाडाबरोबर तिचे आकडे साठवलेलेच असतात. मेशमधला बिंदू आधी हाडाच्या घरात जातो, हाड फिरतं, आणि हाड जिथे असेल तिथून बिंदू बाहेर येतो. आणि कोपर स्वतः खांद्याला बांधलेलं असल्यामुळे खांदा हलला की पुढचं सगळं आपोआप हलतं, आईबापामागे पोरं चालल्यासारखं.

चार आकड्यांचं फिरणं

एम-थ्री मॅडमनी क्वाटर्नियन एका तासात उरकलं होतं आणि आम्ही ते ऑप्शनला टाकलं होतं. खरं सांगते, तेव्हा वाटलं होतं हे कुणाच्या कामाचं!

गोष्ट छान आहे. 16 ऑक्टोबर 1843 ला विल्यम रोवन हॅमिल्टन बायकोबरोबर डब्लिनच्या रॉयल कॅनॉलच्या काठाने चालला होता. डोक्यात अनेक वर्षांचं एक कोडं. वाटेत ब्रूम ब्रिजपाशी उत्तर सुचलं आणि त्याने ते सूत्र पुलाच्या दगडावर चाकूने कोरलं. (आपण हॉस्टेलच्या बाकावर जे कोरतो त्यापेक्षा बरं.) ॲनिमेशनच्या कामाला ते लावून दाखवलं केन शूमेकने, 1985 मध्ये, सिग्राफ परिषदेतल्या पेपरमध्ये.

गरज का पडते? समजा मान एका नोंदीत 350 अंशावर आहे आणि पुढच्या नोंदीत 10 अंशावर. मधली स्थिती काढायची तर साधी सरासरी येते 180. म्हणजे मान सरळ पाठीमागे! खरं तर 350 आणि 10 मध्ये फक्त 20 अंशांचं अंतर आहे आणि मधली स्थिती शून्य अंशाची. तीन कोनांनी फिरणं मांडलं की अशा भानगडी होतातच. त्यात दोन अक्ष एकावर एक आले की एक दिशा हरवते, त्याला गिंबल लॉक म्हणतात.

क्वाटर्नियनमध्ये आपण कोणत्या अक्षाभोवती किती फिरलो ते चार आकड्यांत मांडतो. पहिला आकडा अर्ध्या कोनाचा कोसाइन. बाकी तीन म्हणजे अक्षाचे आकडे गुणिले अर्ध्या कोनाचा साइन. आता 10 अंशाचा पहिला आकडा आला 0.996 आणि 350 अंशाचा आला उणे 0.996. इथे एक गंमत आहे : चारही आकड्यांची चिन्हं उलटी केली तरी फिरणं तेच राहतं. म्हणून दोन क्वाटर्नियनच्या मधलं काढण्याआधी त्यांचा डॉट प्रॉडक्ट काढायचा. तो उणे आला तर समजायचं की आपण लांबच्या रस्त्याने निघालोय, आणि एकाची चिन्हं उलटी करायची. वरच्या उदाहरणात तो साधारण उणे 0.985 येतो. चिन्ह फिरवलं की मधली स्थिती बरोबर शून्य अंशाची मिळते. कॅलथ्रीडीच्या कोडात ही तपासणी दोन-तीन ओळींत आहे. त्या ओळी सापडल्या तेव्हा मी एकटीच हसले. ऑप्शनला टाकलेला प्रश्न, दुसरं काय!

मिक्सर, म्हणजे स्वयंपाकघरातला नव्हे

कॅलथ्रीडीचा माझा सगळ्यात आवडता भाग म्हणजे मिक्सर. त्यात हालचालींचे दोन प्रकार. एक सायकल, जी पुन्हा पुन्हा चालत राहते : उभं राहणं, चालणं, पळणं. दुसरी ॲक्शन, जी एकदाच होते : नमस्कार करणं, हात हलवणं. ब्लेंडसायकल या फंक्शनला हालचालीचा नंबर, तिचं वजन आणि किती सेकंदात तिथपर्यंत पोहोचायचं ते द्यायचं. एक्झिक्यूटॲक्शनला नंबर, आत यायला किती वेळ आणि बाहेर जायला किती वेळ. बस्स. मग प्रत्येक फ्रेमला मॉडेलच्या अपडेटला मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला ते सांगायचं.

आत वाटप कसं होतं? ॲक्शनला आधी वाढतात, उरलेलं सायकलींना. हे वाटप हाडागणिक होतं. हात हलवण्याच्या फाइलीत फक्त हाताच्या हाडांच्या नोंदी असतील तर पायांना त्यातलं काहीच मिळत नाही, ते आपले चालत राहतात. त्यासाठी वेगळा कोड लिहावा लागत नाही! हे कळल्यावर मी अर्धा दिवस त्या पात्राला चालता चालता टाटा करायला लावलं, कामाच्या नावाने बोंब.

पण मिक्सरने आम्हाला चकवलंही. आमच्याकडे जागेवरच्या लेझीमची सायकल 2 सेकंदांची होती आणि चालत लेझीमची 1.6 सेकंदांची. दोन सायकली मिसळताना लायब्ररी त्यांचा वेळही मिसळते, वजनाप्रमाणे सरासरी काढून. निम्मी-निम्मी वजनं असतील तर 1.8 सेकंद. कल्पना उत्तम आहे, कारण त्यामुळे चालणं आणि पळणं मिसळताना दोन्हीतली पावलं एकाच वेळी पडतात. पण आमच्या मागे हलगीचं रेकॉर्डिंग वाजत होतं, आणि ते काही 1.8 सेकंदांचं होत नाही. पात्रं ठेक्याबाहेर. शेवटी दोन्ही सायकली मुकाट्याने 2 सेकंदांच्या केल्या.

त्याहून वाईट दुसरं झालं. एकातून दुसरीत जाताना मधेच पाय हलायचेच थांबत आणि पात्रं बर्फावरून घसरल्यासारखी पुढे सरकत. मी दोन दिवस कोडमध्ये चूक शोधली. चूक कोडमध्ये नव्हतीच. रूममेट शेजारी बसून आलेपाक खात होती. तिने दोन्ही सायकली वेगवेगळ्या चालवून बघितल्या आणि म्हणाली, "ह्यात डावा पाय आधी आहे, त्यात उजवा. आमच्या सरांनी छडी हाणली असती." डावा पुढे आणि उजवा पुढे यांची सरासरी म्हणजे दोन्ही पाय मधे. गणिताने जे सांगितलं तेच त्याने केलं होतं. सगळ्या सायकली डाव्या पायाने सुरू केल्या आणि घसरणं थांबलं.

एक गंमत जाता जाता. गेममध्ये गर्दी दाखवताना प्रत्येक पात्राची वेळ थोडी थोडी सरकवतात, नाहीतर सगळे रोबो वाटतात. आम्हाला उलटं हवं होतं. लेझीमच्या पथकात एकाचा जरी हात मागे राहिला तरी लाज! त्यामुळे ते काम आपोआप वाचलं.

मनगटाची गोष्ट

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसले ते.

बिंदू हाडाला बांधलेला असतो असं वर म्हटलं. पण कोपराजवळची कातडी कुठल्या हाडाची? दंडाची की पुढच्या हाताची? दोन्हींची. म्हणून प्रत्येक बिंदूला वजनं देतात, समजा निम्मं या हाडाचं, निम्मं त्या हाडाचं. दोन्ही हाडं त्या बिंदूला आपापल्या जागी नेतात आणि मग त्या जागांची सरासरी घेतात. याला लिनियर ब्लेंड स्किनिंग म्हणतात. 1988 मध्ये नादिया मॅग्नेनात-थालमान आणि तिच्या सहकाऱ्यांनी हाताच्या ॲनिमेशनवर केलेल्या कामात या विचाराचं मूळ सापडतं. कॅलथ्रीडीत बिंदू हलवण्याचं काम फिझिक नावाचा क्लास करतो, आणि तो हेच गणित करतो.

लेझीम हातात धरून मनगट फिरवताना आमच्या पात्राचं मनगट दोरीसारखं बारीक होत होतं. चॉकलेटचा कागद दोन्ही टोकांनी पिळतो ना, अगदी तसं. इंग्रजीत या दोषाला नावच चॉकलेटच्या कागदावरून पडलंय. तेव्हा प्रदर्शनाला नऊ दिवस उरले होते.

का होतं ते बघा. मनगटाची गोल कड घ्या, त्रिज्या 1. त्यावरचा एक बिंदू, दोन्ही हाडांचं निम्मं-निम्मं वजन. हाताचा पंजा 90 अंश फिरला. पुढच्या हाताच्या मते बिंदू (1, 0) वर आहे, पंजाच्या मते (0, 1) वर. सरासरी (0.5, 0.5). मध्यापासून अंतर 0.71. म्हणजे मनगट 71 टक्केच जाड राहिलं. 120 अंश फिरवा, 50 टक्के. 180 फिरवा, तर एकाच्या मते बिंदू इकडे, दुसऱ्याच्या मते बरोबर समोर, सरासरी शून्य. मनगट गायब! सूत्र एका ओळीचं आहे : उरलेली जाडी म्हणजे अर्ध्या कोनाचा कोसाइन. आमचं पात्र पंजा 160 अंश फिरवत होतं. 80 अंशाचा कोसाइन 0.17. पडद्यावर दिसणारी दोरी हीच.

यावर लोकांनी बरंच काम केलंय. 2007 मध्ये लाडिस्लाव कावान आणि सहकाऱ्यांनी ड्युअल क्वाटर्नियनची पद्धत दिली. तिच्यात जागांची सरासरी घ्यायच्या ऐवजी हालचालींचंच मिश्रण करतात, त्यामुळे जाडी जात नाही, मात्र सांधा वाकवताना थोडा फुगवटा येतो. फिझिक क्लास बदलून आम्ही ती लिहू शकलो असतो, लायसन्सची काही आडकाठी नव्हती. पण नऊ दिवसांत? त्यातले तीन सबमिशनचे! मी रडकुंडीला आले आणि म्हटलं, जाऊ दे, कॅमेरा लांब ठेवू, कुणाला दिसणार आहे.

रूममेट काही बोलली नाही. तिने कपाटावरून तिची शाळेतली लेझीम काढली, उभी राहिली आणि चार ठेके करून दाखवले. मग म्हणाली, "माझं मनगट धर." मी धरलं. तिने तळहात आधी वर केला, मग खाली. मनगट माझ्या मुठीत फिरलं. "आता कोपराखाली धर." तिथे जवळजवळ काहीच हललं नाही. "आता मधे." मधे निम्मं फिरलं. ती म्हणाली, "पिळा मनगटात नाहीये गं. तो कोपरापासूनच सुरू होतो. तुझ्या बाहुलीला मधलं हाडच नाही."

बायोलॉजीच्या पुस्तकात हे होतं, मी पाठही केलं होतं. पुढच्या हातात दोन हाडं असतात, रेडियस आणि अल्ना. तळहात फिरतो तेव्हा रेडियस अल्नावरून तिरकं जातं. म्हणून पिळा पूर्ण लांबीवर वाटला जातो, मनगट फक्त वर-खाली आणि बाजूला वाकतं. आमच्या सांगाड्यात पुढच्या हाताला एकच हाड होतं आणि सगळा पिळा शेवटच्या सांध्यावर टाकला होता.

मग काय! ब्लेंडर उघडलं. पुढच्या हाताच्या हाडाचे तुकडे केले, म्हणजे 160 अंशांचा पिळा तीन सांध्यांत वाटला गेला, प्रत्येकी साधारण 53 अंश. आता त्याचा अर्धा कोन 26.7 अंश, कोसाइन 0.89. दोरीचं मनगट 17 टक्क्यांवरून 89 टक्क्यांवर आलं, आणि लायब्ररीतली एक ओळही बदलावी लागली नाही. चार सांधे केले तर 94 टक्के होतात, तेही करून बघितलं, पण डोळ्याला फरक कळेना. उगाच हाडं कशाला वाढवा. वजनं परत रंगवायला मात्र दोन रात्री गेल्या. ते काम भरतकामासारखं आहे, घाई केली की बगलेतली कातडी कमरेला चिकटते.

ओरल

आता जरा ओरलचं. माझी रूममेट वर्गात बोलत नाही. मराठी माध्यमातून आलेली, इंग्रजी सगळं समजतं, पण चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की शब्द अडकतात. मागच्या दोन सेमिस्टरला ओरलमध्ये तिचे मार्क गेले, तेही पेपरमध्ये माझ्याहून जास्त मिळवून. या वेळी आम्ही ठरवलं होतं की प्रेझेंटेशन मी करायचं, तिने फक्त कीबोर्ड सांभाळायचा. हा प्लॅन मीच केला होता आणि मला तो फार चांगुलपणाचा वाटत होता.

एक्सटर्नल सर आले. सुरुवातीचं मी सांगितलं. त्यांनी नेमका पुढच्या हातावर बोट ठेवलं, "एवढी हाडं इथे कशाला?" मी सूत्र सांगितलं, कोसाइन सांगितला. ते म्हणाले, "ते ठीक आहे, पण पिळा वाटायचा हे तुम्हाला सुचलं कसं?" मी एक क्षण गप्प राहिले. म्हणजे, 'आम्हाला सुचलं' म्हणता आलं असतं. मी रूममेटकडे बघितलं. गाइड सर म्हणाले, "मराठीत सांगितलंत तरी चालेल."

तिने सांगायच्या ऐवजी एक्सटर्नल सरांना त्यांचंच मनगट धरायला सांगितलं! मग कोपराखाली, मग मधे. मग मराठीतच हाडं, वजनं, सरासरी, सगळं. साइन-कोसाइनसकट. दहा मिनिटं झाली असतील. सर स्वतःचा हात फिरवून बघत होते, त्यांच्या मागे उभे असलेले लॅबचे काकासुद्धा.

प्रदर्शनाच्या दिवशी बारा जणांचं पथक हॉलच्या पडद्यावर चार तास खेळलं. लांबच्या रांगेतल्या पात्रांचे बिंदू कमी करायची सोय लायब्ररीत आहे. 1996 मध्ये ह्यूग होपने मांडलेल्या प्रोग्रेसिव्ह मेशसारखीच ती एकेक बिंदू शेजारच्यात मिटवत जाते. आमचं जुनं मशीन धापा टाकायला लागल्यावर तिचा उपयोग झाला. दुपारी एका आजोबांनी पुढे येऊन सांगितलं की तिसऱ्या ठेक्याला गुडघा जास्त वाकायला हवा. आम्ही तिथल्या तिथे सीएएफ फाइल बदलून दिली.

अजून एक दोष आहे. उजव्या बाजूचा शेवटचा गडी वळताना त्याचा पाय जमिनीवर बोटभर घसरतो. टाच जमिनीला टेकवून ठेवायला इन्व्हर्स किनेमॅटिक्स लागतं आणि आम्ही ते लिहिलेलं नाही. सगळा कोड ग्राफिक्स लॅबच्या खिडकीजवळच्या मशीनवर 'लेझीम' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलाय. सेकंड इयरवाल्यांपैकी कुणाला ती टाच टेकवायची असेल तर या, रूममेट संध्याकाळी मेसनंतर तिथेच असते.